यादीत मराठी असते, खूण नसते

सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून सीमाभागात आपण अर्ज केले, निवेदने दिली, मोर्चे काढले. ते चालूच राहील. पण गावच्या शाळेतला आणि वाचनालयातला संगणक मराठी करायला कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, याकडे मात्र आपले लक्ष नाही, असे आम्हांला खेदाने म्हणावे लागते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली. त्यामुळे भंगारात निघू पाहणाऱ्या कितीतरी यंत्रांवर डेबियनसारखे फुकट मिळणारे लिनक्स घालता येते. ते बसवतानाच भाषा विचारली जाते, आणि त्या यादीत मराठी आहे. बसवणारा मात्र सवयीने इंग्रजी निवडून मोकळा होतो. घोटाळा होतो तो इथेच.

पुढे ग्नोमच्या पडद्यावर नवा माणूस पहिल्यांदा आत आला की 'ग्नोम इनिशिअल सेटअप' हा स्वागताचा प्रोग्राम भाषा आणि कळफलक विचारतो. तो नसेल तर त्याच नावाचे पॅकेज बसवून घ्यावे. पण यंत्रावर मराठीचे 'लोकेल' तयार केलेले नसेल, तर त्या यादीत मराठीचे नावच येत नाही! गुरुजी म्हणतात, "यात मराठी नाही." मराठी असते, तिच्यापुढे कोणी खूण केलेली नसते. (मतदारयादीत नाव शोधून दमलेल्या आपल्या लोकांना हे फोडून सांगायला नको.) प्रशासकाच्या अधिकाराने 'लोकेल्स' हे पॅकेज पुन्हा जुळवायला घ्यावे, मराठीच्या ओळीवर खूण करावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. स्वागताचा प्रोग्राम तोवर येऊन गेला असेल, तर सेटिंग्जमध्ये भाषा बदलता येते.

यात कानडीशी भांडण नाही. लिनक्सवर प्रत्येक खात्याची भाषा स्वतंत्र असते. एकाच यंत्रावर एक मूल कानडीत बसेल, दुसरे मराठीत. शिवाय इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी सर्व भारतीय लिप्यांना जवळजवळ सारखीच आहे. कानडी 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर मराठी 'क'. इन्स्क्रिप्टवर कानडी टंकलेखन शिकलेल्या पोराला मराठीसाठी बोटे नव्याने वळवावी लागत नाहीत. सीमाभागाइतका याचा उपयोग दुसऱ्या कोणाला होणार?

मराठी निवडल्यावरही काही मेनू इंग्रजीतच राहतात, काही शब्द बोजड वाटतात, हे खरे आहे. ही भाषांतरे बरीचशी स्वयंसेवक करतात. खानापूर, निपाणीच्या शिकलेल्या मुलांनी त्यात हात घालावा. नुसती नावे ठेवून मेनू मराठी होणार नाहीत.

तूर्त शाळा सुधारणा समितीच्या सदस्यांनी येत्या बैठकीआधी स्वतः यंत्रापुढे बसून ते सुरू करावे, आणि पडद्यावर पहिली अक्षरे कोणत्या भाषेत उमटतात ते पाहावे.