सुट्टी सगळ्यांची, पिशव्या माझ्याकडे

दिवाळीचा फराळ डब्यात पडतो न पडतो, तोच आमच्या घरात एकच घोषा सुरू होतो, "आई, मुंबईला कधी जायचं?" जव्हारला रेल्वे नाही, समुद्र नाही, सरकता जिना नाही. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याची मंडळी गाड्या भरभरून आमचा दाभोसा धबधबा बघायला येतात आणि आमच्या मुलांना त्यांची मुंबई बघायची असते. त्यात वावगं काहीच नाही. मुलांना हौस असावीच.

तर भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवशी पहाटेची कल्याणची एसटी, तिथून लोकलने डोंबिवली. तिथे धाकट्या दिरांचं घर. गेली दहा-बारा वर्षं हाच नेम. एक दिवस राणीची बाग, एक दिवस गेटवे, एक दिवस खरेदी. ऐकायला किती छान वाटतं ना? पण मैत्रिणींनो, त्या तीन दिवसांत मी काय करते ते ऐका. पहाटे चारला उठून जाऊबाई आणि मी पुऱ्या-भाजी करतो, कारण बाहेरचं खाणं महाग. जाऊबाई नोकरी करतात. वर्षातून चार दिवस मिळालेली त्यांची सुट्टीही आमच्यापायी ओट्याशीच जाते. मग डबे, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे जादा कपडे, सासूबाईंच्या गोळ्या अशा चार पिशव्या. राणीच्या बागेत २०१७ पासून पेंग्विन बघायला मिळतात. मुलं ते तीनदा बघून आली, मी एकदाच, तेही घाईघाईने. गेटवेला सगळे लाँचमध्ये बसले आणि मी काठावर. का? तर "पिशव्यांजवळ कुणीतरी हवं ना!" हे ‘कुणीतरी’ नेहमी मीच कशी असते, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. खरं सांगायचं तर मलाही पडला नव्हता.

आणखी एक गोष्ट. आपण त्याबद्दल उघड बोलत नाही. दिवसभर बाहेर राहायचं म्हणून मी पाणीच पीत नसे. बायकांसाठी स्वच्छ सोय कुठे मिळेल याचा भरवसा नाही, मग दोन घोटांवर दिवस काढायचा. घरी येईपर्यंत डोकं ठणकायला लागे. ही लाज माझी एकटीची नाही. मुंबईत २०११ साली महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ नावाची मोहीमच सुरू केली, ती याच कारणाने. शहरात राहणाऱ्या बायकांना भांडावं लागतं, तर एक दिवसासाठी गेलेल्या आपली काय कथा?

हे सगळं डोक्यात यायला कारण घडलं ते गेल्या दिवाळीत, एसटीत.

माझ्या शेजारी एक बाई बसली होती. मोखाड्याकडच्या पाड्यावरची. कडेवर तान्हं, पायाशी पातेल्यांचं आणि तांदळाचं बोचकं. खिडकीशी आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिच्या मांडीवर शाळेचं दप्तर. दप्तरातून फ्रॉकची बाही बाहेर आलेली. पुस्तकं काढून त्यात कपडे भरले होते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे आम्हा दोघींच्या हातात सारखंच अर्धं तिकीट होतं. पण जाणं सारखं नव्हतं. मी फिरायला निघाले होते, ती भिवंडीकडे वीटभट्टीवर.

आपल्या भागात हे नवीन नाही. भात-नागलीचं एक पीक निघालं की पाड्यावर काम उरत नाही. भट्टीवाल्याकडून सणाआधीच उचल घेतलेली असते. दिवाळीचा बाजार त्या पैशातूनच होतो आणि मग ती उचल फेडायला पाऊस येईपर्यंत विटा थापायच्या. आपली दिवाळी बोनसची असते, त्यांची कर्जाची.

गप्पांत तिने विचारलं, "ताई, मुंबईला समुद्र हाय ना? तुमी पाह्यला?" म्हटलं, "हो तर! तुम्ही?" ती हसली. "आमी दर साल येतो, पण भट्टीवरच. कुठं पाहणार?"

भिवंडीच्या अलीकडे ती उतरली आणि मी विचार करत राहिले. दर वर्षी शहरात येऊन तिने शहर पाहिलेलं नाही. आणि मी? मी समुद्र पाहिला होता, पण पिशव्यांशेजारी उभी राहून. तिची नि माझी बरोबरी मी मुळीच करत नाही. मी चार दिवसांनी माझ्या घरी परतणार होते. तिला सात महिने ताडपत्रीच्या झोपडीत काढायचे होते. पण घरातल्या बाईला काय बघायचंय, हे दोघींनाही कुणी विचारलेलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

त्याच रात्री मी घरात सांगून टाकलं. उद्याचा दिवस माझा आणि जाऊबाईंचा. डबा नाही. पिशव्या पुरुषांनी धरायच्या. आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायचं, मग पुढचं. सगळे जरा चमकले, पण कुणी नाही म्हणालं नाही. आम्ही दोघी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर तासभर नुसत्या बसलो. भरपूर पाणी प्यायलो, वडापाव खाल्ला. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, इतकी वर्षं मुंबईत काढली, पण अशी बसले नव्हते हो मी."

म्हणजे त्यांचीही तीच गत!

तेव्हा मैत्रिणींनो, सहलीचा बेत ठरताना गप्प बसू नका. एक जागा आपल्या आवडीची, एक वेळचं जेवण बाहेरचं आणि पिशव्या आळीपाळीने, एवढं मागायला काहीच हरकत नाही. (राणीची बाग बुधवारी बंद असते, तेवढं बघून निघा!)

पण माझं म्हणणं एवढ्यावर संपत नाही. त्या मुलीचं दप्तर डोळ्यांसमोरून हलत नाही. शिक्षण हक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळतं. ते दाखवून भट्टीजवळच्या सरकारी शाळेत बसता येतं. दाखला हातात नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला लागले, तोवर तिचा थांबा आला. शाळेचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

आपल्याकडे भांडी घासायला, लाकूडफाटा विकायला, बाजाराला पाड्यावरच्या बाया येतात. पुढच्या दिवाळीआधी त्यांना एवढं विचारूया, "पोरीचं पत्रक घेतलंस का गं?" आपल्यातल्या शिक्षिकांनी, बचत गटातल्या बायांनी मनावर घेतलं तर अवघड नाही. फराळाचं ताट देतोच ना आपण? त्याच्याबरोबर ही एक चौकशी. निदान त्या दप्तरात पुस्तकं तरी राहतील.