सायकलीच्या मानेतल्या खाचा

नाशिक हे सायकलस्वारांचे शहर आहे, असे अलीकडे येथील सभासमारंभांतून वारंवार सांगितले जाते, आणि त्या विधानात अतिशयोक्ती फारशी नाही. येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने मुदतीत पुरी केली आणि तसे करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपुरास सायकलींची वारी जाते. आणि रविवारी पहाटे गंगापूर रोडला किंवा त्र्यंबकच्या वाटेवर उभे राहावे, तर रंगीत शिरस्त्राणे घातलेले जथेच्या जथे समोरून जाताना दिसतात. परंतु सायकल चालविणारे आणि सायकल जाणणारे हे दोन निराळे वर्ग असून, पहिला वाढत असताना दुसरा झपाट्याने ओसरत चालला आहे, आणि त्याची खंत कोणत्याही सत्कारसमारंभात व्यक्त होत नाही.

ही जाणीव मला झाली ती एका जपानी सायकलीमुळे. अमेरिकेत नोकरीस असलेल्या आमच्या एका आप्तांनी परत येताना घरसामानाबरोबर ती आणली. मियाता कंपनीची, १९८० नंतरच्या दशकातली, पातळ पोलादी नळ्यांची आणि वाकड्या मुठींची. मियाता हा कारखाना १८८१ मध्ये टोकियोत बंदुका घडविण्यासाठी निघाला आणि १८९० मध्ये त्याने आपली पहिली सायकल तयार केली. नळी सरळ, पातळ आणि मजबूत करण्याची जी विद्या बंदुकीसाठी कमावली होती, तीच सायकलीच्या कामी आली. ओसाकाजवळच्या साकाई शहराची हकिकत याहून वेगळी नाही. तलवारी, चाकू आणि बंदुका करणाऱ्या लोहारांच्या त्या शहरात पुढे सायकलीचे भाग घडविणारे कारखाने उभे राहिले, आणि १९२१ मध्ये निघालेला शिमानोचा कारखाना हा त्यांतलाच एक. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत सायकलीची लाट आली तेव्हा जपानी माल तेथे मुबलक खपला. पण १९८५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच राष्ट्रांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर उतरविण्याचा करार केला, येन वधारला, आणि दोन-चार वर्षांत त्या बाजारातली जपानची जागा तैवानने घेतली. आमच्या आप्तांची सायकल त्या सुगीच्या अखेरच्या काळातली. चौकट अजून खणखणीत, रंग बहुतांशी शाबूत. बिघाड एवढाच होता की, हँडल अडत होते.

हे अडणे कसे ओळखावे, ते सांगतो, कारण ज्यांच्या घरी जुनी सायकल आहे त्यांना ते उपयोगी पडेल. पुढचे चाक जमिनीपासून वर उचलून हँडल दोन बोटांनी हळूच फिरवावे. मान निरोगी असेल, तर हँडल आपल्याच भाराने एका अंगास कलंडते. बिघडलेली असेल, तर ते नेमके सरळ रेषेत येताच सूक्ष्म ‘टक्’ होऊन तेथेच बसते आणि पुढे न्यावयास किंचित जोर करावा लागतो. दुचाकीचा तोल हा अहोरात्र चाललेल्या बारीकसारीक दुरुस्त्यांचा खेळ असल्यामुळे, जेथे या दुरुस्त्या सर्वांत अधिक लागतात त्या मध्यरेषेवरच हँडल अडू लागले, म्हणजे सरळ रस्त्यावरही स्वार नकळत नागमोडी जाऊ लागतो आणि दोष मात्र आपल्या वयाला देतो.

कारणही समजून घेण्यासारखे आहे. चौकटीच्या पुढच्या आखूड नळीच्या वर आणि खाली एकेक पोलादी वाटी ठोकलेली असते, तिच्यात छर्रे असतात आणि त्यांवर चिमटा फिरतो. चाकाच्या तुंब्यातले छर्रे सतत गरगरत असल्यामुळे ग्रीस आपल्याबरोबर फिरवीत राहतात. मानेतले छर्रे मात्र आयुष्यातला बहुतेक काळ एकाच जागी उभे असतात, आणि खालच्या वाटीतल्यांवर तर रस्त्याचा प्रत्येक धक्का येतो. छर्रा आणि वाटी यांच्या स्पर्शाच्या बिंदूतून ग्रीस पिळून निघते, कोरडे पोलाद कोरड्या पोलादावर केसभर मागेपुढे घासत राहते, आणि वर्षानुवर्षांच्या त्या घासण्याने प्रत्येक छऱ्याखाली एकेक खळगी पडते. खड्ड्यातल्या एखाद्या आदळण्याने वाटीला पोचा आला, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हे काम आघाताचे कमी आणि घर्षणाचे अधिक. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरातले रस्ते ज्या उत्साहाने उकरले जात आहेत तो पाहता आघातासही येथे वाव कमी नाही, ही गोष्ट निराळी.

दुरुस्तीसाठी प्रथम ती सायकल शहरातल्या एका नव्या, वातानुकूलित दुकानात नेण्यात आली. तेथील तरुणाने अदबीने पाहणी केली, मोबाइलवर छायाचित्र घेतले आणि सांगितले, “काका, याचे पार्ट आता येत नाहीत. भिंतीवर लावा, शोसाठी एकदम भारी दिसेल.” त्या मुलास दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या शिक्षणात खोके उघडून सायकल जोडणे आले, झिजलेली सायकल उघडणे आले नाही. तेथून आम्ही भद्रकालीच्या बाजूस बसणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी विचारपूस न करता पाना लावून चेकनट सोडविला, दातेरी वायसर काढून ठेवला, वरची वाटी आट्यांवरून फिरवून उतरविली, आणि चिमटा खाली ओढताच जाळीत बसविलेले छर्रे काळ्या, दगडासारख्या झालेल्या ग्रीससकट तळहातावर घेतले. चिंधीला रॉकेल लावून खालची वाटी पुसली तेव्हा खळग्यांची एक नीट माळ उजेडात आली. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, जाळी काढून टाकतो, सुटे छर्रे भरतो. दोन वर्षं तरी बघायला नको.”

या उपायातली बुद्धी लक्षात घ्यावी. जाळीत छर्रे कमी आणि अंतराअंतराने असतात. जाळी काढली की, त्याच वाटीत अधिक छर्रे मावतात, त्यांच्यातले अंतर बदलते, आणि सगळे छर्रे एकाच वेळी जुन्या खळग्यांत जाऊन बसू शकत नाहीत, म्हणून हँडल अडेनासे होते. छर्रे ५/३२ इंचाचे, कोठेही मिळणारे. ज्या माणसाने हे शास्त्र कोणत्याही पुस्तकात वाचले नाही, त्याने ते हाताने सिद्ध केलेले होते. आणि त्याच्या हाताखाली शिकणारा एकही पोऱ्या दुकानात नव्हता.

तथापि मिस्त्रींची पूजा बांधण्याचा माझा हेतू नाही. तात्पुरता इलाज त्यांना ठाऊक होता, पण कायमचा इलाज, म्हणजे वाट्याच बदलणे, हे काम त्यांच्या हातोड्याच्या आवाक्यातले नव्हते, आणि तसे त्यांनी प्रांजळपणे सांगितलेही. कारण येथे प्रश्न मापाचा येतो. चिमट्याच्या माथ्यावर जी कडी घट्ट बसते तिच्या बैठकीचे माप जुन्या जपानी प्रमाणाप्रमाणे २७.० मिलिमीटर, तर युरोपीय प्रमाणाप्रमाणे २६.४, नळीत ठोकायच्या वाट्यांचे माप अनुक्रमे ३०.० आणि ३०.२. डोळ्यांना हा भेद दिसत नाही. युरोपीय मापाची कडी जपानी चिमट्यावर बळेच ठोकली तर ती तडकते वा वाकडी बसते. बैठक कानशीने घासून लहान केली तर मूळ मापाची कडी त्या चिमट्यावर पुन्हा कधीच बसावयाची नाही. योग्य रीत म्हणजे व्हर्निअरने मोजावे, जपानी मापाचा संच मागवावा, जुन्या वाट्या आतून सळईने आळीपाळीने दोन्ही बाजूंस ठोकून सरळ उतरवाव्यात, नव्या वाट्या हातोड्याने न मारता लांब आट्यांच्या बोल्टने दोन्हीकडून सारख्या दाबाव्यात, आणि शेवटी दोन पाने उलट दिशांनी लावून चेकनट असा आवळावा की खेळही राहू नये आणि ताठरताही येऊ नये. असा संच आजही नवा मिळतो, मागवावा लागतो एवढेच. ‘पार्ट येत नाहीत’ हे विधान चौकशीवाचून केलेले होते. चाळीस वर्षांची सायकल दुरुस्त होऊ शकते ती जपानच्या उद्योगाने आपली मापे लिहून, ठरवून आणि पाळून ठेवली म्हणून.

आणि मापाची विद्या नाशिकला परकी आहे काय? ज्या सातपुरात मायकोच्या कारखान्याने डिझेल इंजिनांचे नोझल केसाच्याही अंशाइतक्या अचूकतेने घडविले आणि चौकाला आपले नाव दिले, ज्या ओझरात साठीच्या दशकापासून मिग विमाने जोडली गेली आणि आज सुखोई विमाने पुरती उघडून, तपासून, झिजलेला भाग बदलून पुन्हा आकाशात धाडली जातात, त्या जिल्ह्यात अर्ध्या मिलिमीटरचा भेद ओळखणारी माणसे हजारांनी आहेत. परंतु ही विद्या कारखान्याच्या फाटकाआड राहिली. लढाऊ विमानाचे ओव्हरहॉलिंग करणे हे सरकारला शहाणपणाचे वाटते, सायकलीचे करणे मात्र चिक्कूपणाचे ठरते.

एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. नव्या सायकलींत सुटे छर्रे नसतात. सीलबंद बेअरिंग असते, ते हाताने काढून दुसरे बसविता येते, मग या जुन्या विद्येचे प्रयोजन काय? सोय मान्य, परंतु अनेक नव्या चौकटींत त्या बेअरिंगची बैठक चौकटीतच कोरलेली असते, वेगळी वाटी नसते, म्हणून दुर्लक्षाने ती बैठक झिजली की वाटीऐवजी चौकटच निकालात निघते. जुन्या रचनेत स्वस्त भाग झिजून महाग भागाचे रक्षण करी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीचा हक्क’ मान्य करणारे संकेतस्थळ सुरू केले, त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रे घेतली. ज्या वाहनावर या देशातला कामगार आणि शाळकरी पोर आजही विसंबून आहे, त्या सायकलीचे नाव त्या यादीत नाही. कदाचित सायकल दुरुस्त होतेच, असे मसुदा करणाऱ्यांनी गृहीत धरले असेल. ते गृहीतक त्यांच्या बालपणीचे आहे.

म्हणून सूचना अगदी माफक आहे. सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे वर्ग आहेतच. तेथे सायकलीच्या कामाचा एक अल्पमुदतीचा वर्ग काढावा, आणि त्यात शिकविण्यासाठी भद्रकाली, पंचवटी, देवळाली येथील जुन्या मिस्त्रींना, त्यांच्याकडे दाखला आहे की नाही याची पंचाईत न करता, दिवसाच्या वाजवी मोबदल्यावर बोलवावे. ओझर-सातपूरच्या निवृत्त कामगारांनी त्यांना व्हर्निअर धरून दाखवावा, आणि मिस्त्रींनी त्यांना नुसत्या बोटांनी चेकनटचा ताण कसा ओळखावा ते शिकवावे. वाट्या दाबण्याचे, कडी उतरविण्याचे आणि बैठक सरळ करण्याचे साधन कोणत्याही एका मिस्त्रीस परवडणारे नाही, कारण ते वर्षातून मोजक्या वेळा लागते; महानगरपालिकेने ते एकदाच घेऊन विभागीय कार्यालयात नोंदवहीवर सहीने देण्या-घेण्याची व्यवस्था करावी, ज्याप्रमाणे वाचनालयात पुस्तक मिळते. सायकल संघटनांनीही आपल्या वार्षिक सत्कारात एखादी शाल शर्यत जिंकणाऱ्याच्या मिस्त्रीसाठी राखून ठेवण्यास हरकत नसावी. आमच्या मियाताच्या वाट्या मागविल्या आहेत; त्या बसविण्याचे काम मिस्त्रींकडेच द्यायचे ठरले आहे, आणि दाबण्याचा बोल्ट अंबडच्या एका लेथवर त्यांच्याच सांगण्यावरून करून घेतला आहे, तो काम झाल्यावर त्यांच्याच दुकानात राहील.