कर्ज देताना धूळही पाहा

खडी क्रशरसाठी कर्जाचा अर्ज शाखेत आला की अधिकारी तारण, जामीनदार, प्रकल्प अहवाल आणि सिबिल स्कोअर पाहतो. क्रशरमधून उडणारी धूळ कोणाच्या छातीत जाणार, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

दगड फोडताना सिलिकाचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. श्वासावाटे ते फुफ्फुसात खोलवर जातात, तिथे व्रण होतात आणि फुफ्फुस हळूहळू ताठर बनते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही; शिवाय क्षयरोगाचा धोका वाढतो. बहुधा आजार उघड होईपर्यंत वर्षे उलटतात. तोवर यंत्राचे हप्ते फिटलेलेही असतात.

पर्यावरण व समाजावर होणारे परिणाम तपासूनच मोठ्या प्रकल्पांना पैसा द्यायचा, यासाठी काही जागतिक बँकांनी २००३ मध्ये ‘इक्वेटर तत्त्वे’ स्वीकारली. पण प्रकल्प-कर्जासाठी त्यांची मर्यादा एक कोटी डॉलर खर्चापासून सुरू होते. तालुक्यातला क्रशर या चाळणीत येतच नाही. त्यामुळे खरी गरज आहे ती शाखेतल्या अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाची.

त्याने डॉक्टर व्हावे, अशी अपेक्षा नाही. पाण्याचे फवारे आहेत का आणि त्यांना पाणी येते का? चाळण्या व पट्टे झाकलेले आहेत का? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची मुदत संपलेली नाही ना? कामगारांच्या छातीचा एक्स-रे ठरावीक काळाने काढला जातो का? वस्ती, शाळा किती अंतरावर आहे? एवढे प्रश्न जागेवर जाऊन विचारता आले पाहिजेत. यंत्रे पाहायला तो जातोच.

हे काम सरकारी निरीक्षकांचे, असे कोणी म्हणेल. ते आहेच. कायद्यानुसार सिलिकोसिसची नोंद कळवणे बंधनकारक आहे. पण ती नोंद आजार झाल्यावरची. बँक यंत्र खरेदीच्या आधी भेटते. तेव्हाच बदल स्वस्तात होतो. शिवाय मंडळाने क्रशर बंद केला तर थकणारे कर्ज बँकेचेच.

अर्ज फेटाळणे हा उपाय नव्हे. अर्जदार सावकाराकडे जाईल आणि धूळ तशीच उडेल. फवारे व आच्छादनांचा खर्च कर्जातच धरावा आणि ते बसल्याची खात्री करूनच पुढचा हप्ता द्यावा. सिलिकोसिसवर रुग्णालयात उपाय नाही, शाखेत मात्र आहे.