शिरगणती कोणाची आणि कोणासाठी?

जातींची गणना केली तर गाव फुटेल, अशी ओरड सुखवस्तू वर्तुळांतून सतत चालू असते. गाव जणू आजवर एकजीव होते आणि प्रगणकाच्या कागदानेच त्याला तडा जाणार आहे! या मंडळींनी महाराष्ट्रातील बहुतेक गावांची रचना एकदा डोळसपणे पाहावी. वतनदारांचे वाडे मोक्याच्या जागी, कारूनारूंच्या आळ्या त्यांच्या आश्रयाला आणि दलितांची वस्ती गावकुसाबाहेर. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. परंतु पाटी बदलल्याने वस्तीची जागा बदलत नाही.

१९३१ नंतरच्या दशवार्षिक जनगणनांनी अनुसूचित जाती-जमाती वगळता कोणत्याही जातीचे आकडे प्रसिद्ध केले नाहीत. उरलेले सारे गाव एकाच रकान्यात कोंबले गेले. त्यात शंभर एकरांचा बागायतदारही आला आणि वीतभर जमीन नसलेला न्हावीही. पुढील जनगणनेत जात नोंदविण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. समाजवादी चळवळीची ही जुनी मागणी होती. तथापि तेवढ्यावर समाधान मानणे ही स्वतःचीच फसवणूक ठरेल.

कारण जातीइतकाच निर्णायक प्रश्न जमिनीचा आहे. २००१ मध्ये देशात शेतकरी १२.७३ कोटी व शेतमजूर १०.६८ कोटी होते. २०११ मध्ये शेतकरी ११.८८ कोटींवर घसरले आणि शेतमजूर १४.४३ कोटी झाले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभारले, तेव्हाचा प्रश्न आज अधिक उग्र झाला आहे. हे भूमिहीन कोणत्या जातींचे, हे गावनिहाय सांगणारा तक्ता मात्र जनगणना देत नाही. जात एका कागदावर आणि सातबारा दुसऱ्या कागदावर ठेवला, की शोषणाचे चित्र पुरे होत नाही. ते पुरे होऊ नये यातच अनेकांचे हित आहे.

त्याहून गंभीर गोष्ट मोजणीच्या हंगामाची. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. पुढील गणनेचा संदर्भदिनही १ मार्च २०२७ हाच ठरविण्यात आला. हा ऐन गाळपाचा हंगाम. बीड जिल्ह्यातील वंजारी, बंजारा आणि दलित ऊसतोड कुटुंबे तेव्हा साखरपट्ट्यात कोप्यांवर असतात. मोजणीचा संपूर्ण काळ घरापासून दूर असलेल्या माणसाची नोंद तो जेथे सापडेल तेथे होते, असा नियम आहे. म्हणजे ज्या गावात त्याचे मत आणि रेशनकार्ड आहे, त्या गावाच्या आकड्यातून तो गळतो. आणि ज्या गावच्या उसावर तो कोयता चालवतो, तेथे त्याला कोणी गावकरी मानीत नाही. ग्रामपंचायतीतील राखीव जागांचे गणित याच आकड्यांवर मांडले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गळतीची किंमत कोण मोजतो ते उघड होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रगणकाची वाट पाहत बसू नये. आपापल्या गावातील स्थलांतरित व भूमिहीन कुटुंबांची यादी स्वतः करावी, ती ग्रामसभेत वाचून ठरावात नोंदवून घ्यावी आणि जात व जमीन यांचे गावनिहाय आकडे एकत्र प्रसिद्ध करण्याची मागणी तहसीलवर न्यावी. गाव एक व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी आधी गावातील प्रत्येक माणूस हिशेबात धरला पाहिजे.