लाखाचा लॅपटॉप : गरज किती, मिरवणूक किती?

पूर्वी आमच्या मोहन्यात मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला की बाप त्याला घेऊन आमच्या दुकानी येत असे. दोन पँटपीस, तीन शर्टपीस फाडून घेई आणि तसाच शिंप्याकडे जाई. कॉलेजची तयारी तेवढ्यात संपे. आता तोच बाप आमच्या दुकानावरून पुढे निघून जातो आणि संध्याकाळी परत येताना ओट्यावर टेकून विचारतो, "शेठ, दुकानदार लाखाचा लॅपटॉप दाखवतो. घ्यावा का?"

आम्ही उर्दू माध्यमातून शिकलेले कापडवाले. यंत्रातले आम्हाला काय कळणार? पण भावाने माल घेणे हा आमचा तीस वर्षांचा धंदा आहे, म्हणून लोक विचारतात. आणि यंदा हा प्रश्न गिऱ्हाइकाकडून नव्हे, आमच्याच घरातून आला. आमच्या मुलीला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्या निमित्ताने जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी लाख रुपये म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. एनआरसीचा कारखाना चालू होता तेव्हा पगाराच्या दिवशी आमच्या दुकानात उभे राहायला जागा नसे. २००९ साली त्या कारखान्याला टाळे लागले आणि कामगारांच्या देण्यांचा झगडा पुढे वर्षानुवर्षे चालला. ज्या घरांत पगार थांबला त्या घरांतली मुले आज इंजिनिअरिंगला, फार्मसीला जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अशा घरात लाख रुपये म्हणजे एका वर्षाची फी असते, नाहीतर आईच्या बांगड्या. आमच्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याच्या घरी ते ईद आणि लग्नसराईच्या आधी भरायच्या मालाचे भांडवल असते. म्हणून हा प्रश्न हौसेचा नाही, हिशेबाचा आहे.

आता आमची चूक सांगतो. २०१९ साली थोरल्या मुलाला बी.कॉम.ला प्रवेश मिळाला. बिरादरीत एकाने मुलाला भारी लॅपटॉप घेतला होता, मग आम्ही मागे कसे राहणार? ८५ हजार मोजले. काय काम होते, किती तास होते, काहीही विचारले नाही. त्याचे काम होते टॅली आणि टायपिंग. ते काम त्याच्या निम्म्या किमतीच्या यंत्रावर झाले असते. बाकीचा वेळ त्या यंत्रावर सिनेमे चालले. २०२३ साली विकायला काढला तेव्हा जुना माल घेणाऱ्याने १२ हजार सांगितले. आम्हाला राग आला. विकला नाही, कपाटात ठेवला. ताका पडून राहिला तर तो दिवसेंदिवस उतरतो हे आम्ही नोकरांना शिकवतो, पण घरात तेच केले.

त्या दुकानदाराने फसवले का? नाही. आयकराच्या नियमांत घसाऱ्याचा तक्ता असतो. दुकानाच्या फर्निचरला वर्षाला १० टक्के, साधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के आणि संगणकाला ४० टक्के. २०१७ पर्यंत संगणकाचा हा दर ६० टक्के होता. आता ८५ हजारांचा हिशेब करून पाहा. पहिल्या वर्षाअखेर ५१ हजार, दुसऱ्या वर्षी ३०,६००, तिसऱ्या वर्षी १८,३६० आणि चौथ्या वर्षी ११,०१६. म्हणजे जुन्या मालवाल्याने सरकारी तक्त्यापेक्षा हजार रुपये जास्तच सांगितले होते. लॅपटॉप ही दागिन्यासारखी ठेव नाही. तो बर्फाच्या लादीसारखा माल आहे. वितळण्याआधी त्याचा उपयोग झाला तर पैसे वसूल.

यावरून भारी यंत्र घेणे म्हणजे पैसा उडवणे, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि तोही चुकीचा निघाला. आमच्या मेहुण्याच्या मुलाने २०२१ च्या सुरुवातीला ॲपलचा मॅकबुक एअर घेतला. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने आपली स्वतःची एम-१ चिप घातलेला जो लॅपटॉप काढला तो. भारतात त्याची किंमत ९२,९०० रुपये होती. मुलगा प्रोग्रॅमिंग शिकणारा. रोज सहा-सात तास त्याच यंत्रावर. पाच वर्षे उलटली, पदवी झाली, नोकरी लागली, यंत्र अजून चालू आहे. किंमत पाच वर्षांत वाटली तर वर्षाला १८,५८० रुपये पडतात. आमच्या मुलाच्या यंत्राचे, मिळत होते ते १२ हजार वजा करून, चार वर्षांत वर्षाला १८,२५० पडले. दोघांचा वर्षाचा खर्च जवळपास सारखाच. एकाने त्यावर रोजी कमावली, दुसऱ्याने सिनेमे पाहिले. महाग काय आणि स्वस्त काय, हे बिलावर नव्हे, कामावर ठरते. हा सगळ्या लेखाचा सारांश आहे.

आता मुलीची गोष्ट. तिने लॅपटॉपचा विषय काढताच आमच्या तोंडून निघाले, "बेटा, भाईजानचा आहे ना कपाटात? तो चालव." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अब्बा, भाईजानला घेतला तेव्हा काय काम आहे असं कोणी विचारलं नव्हतं. मला काम आहे, तर मला जुना." आम्ही निरुत्तर झालो. आमच्या किती घरांत हे चालते! मुलाच्या वेळी इज्जत आठवते, मुलीच्या वेळी काटकसर. काटकसर चांगली गोष्ट आहे, पण ती नेमकी मुलीच्या पाळीलाच का आठवावी? तराजू दोघांना एकच पाहिजे.

दोन दिवसांनी तिने वहीचे एक पान आणून दिले. कॉलेजात जाऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारून तिने यादी केली होती. आम्ही कापड घेताना रीड, पिक, काउंट आणि पन्हा विचारतो, तसे तिने यंत्राचे विचारले होते. पहिली गोष्ट, पुढे कोणती सॉफ्टवेअर लागणार? ऑटोकॅड, रेव्हिट, इटॅब्स. यांपैकी ऑटोकॅडची मॅकवर चालणारी आवृत्ती आहे, पण रेव्हिट आणि इटॅब्स विंडोजचीच आहेत. म्हणजे जो लॅपटॉप तिच्या मामेभावाला लाखमोलाचा ठरला, तो तिच्या कामाला अडचणीचा ठरला असता. मनातून तिलाही तोच हवा होता, हे आम्हाला ठाऊक आहे. पण यादी करताना तिने स्वतःच त्यावर काट मारली. दुसरी गोष्ट, ऑटोडेस्क कंपनी आपली सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत देते. तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे नकोत आणि चोरीची प्रतही नको.

तिसरी गोष्ट आम्हाला सुचलीच नसती. वजन! आंबिवलीहून लोकल, ठाण्याला गाडी बदलून नवी मुंबई. गर्दीच्या डब्यात खांद्यावर बॅग. खेळांसाठी बनवलेले जाडजूड लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचे असतात, वर चार्जरचे वजन वेगळे. हलके यंत्र सव्वा किलोच्या आसपास असते. किलोभर वजनाला जास्त पैसे देणे आम्हाला आधी चोचले वाटले. मग आठवले, आम्हीही तरुणपणी भिवंडीहून गठ्ठे खांद्यावर आणले आहेत. रोज चार तास प्रवास करणाऱ्याला हलके वजन आणि दिवसभर टिकणारी बॅटरी ही गरज असते.

मग सर्वांत स्वस्त का घेऊ नये? त्याचेही उत्तर आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब्लेट काढला होता. सरकारी खरेदीची किंमत २,२७६ रुपये. हेतू उत्तम होता, पण यंत्र संथ आणि पडदा जोराने दाबावा लागणारा, म्हणून पुढे सुधारित आवृत्ती काढावी लागली. जे काम करत नाही ते कोणत्याही भावाला महागच. जुन्या यंत्रांचेही तसेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कचेऱ्यांतून निघालेले चांगले लॅपटॉप मिळतात आणि गरजू विद्यार्थ्याने ते जरूर पाहावेत. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा पाठिंबा बंद झाला आहे. २०१७ च्या आधीचे यंत्र साधारणपणे विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. घेताना हे आधी विचारावे. ज्याचे काम लिहिणे-वाचणे एवढेच आहे, त्याने अशा यंत्रावर मोफत मिळणारी लिनक्स घालून घ्यावी. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

यादी घेऊन आम्ही दुकानी गेलो. विक्रेता हुशार. म्हणाला, "साठ हजारांचा आणि लाखाचा, फरक चाळीस हजारांचा. चार वर्षांत वाटा, दिवसाला फक्त २७ रुपये!" आम्हाला हसू आले. आम्हीही गिऱ्हाइकाला मीटरचा भाव सांगतो, ताक्याचा सांगत नाही. पण पैसे ताक्याचे द्यावे लागतात. रोज २७ रुपये द्यायचे नव्हते, आज चाळीस हजार द्यायचे होते.

मग त्याने 'बिनव्याजी हप्ता' काढला. आमच्यातले बरेच लोक व्याजापासून दूर राहू पाहतात, त्यांना हा शब्द गोड लागतो. त्यांनी लक्षात घ्यावे की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना परिपत्रकाने बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. होते असे की व्याजाइतकी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देते आणि कार्डाच्या पत्रकात व्याज लागतेच. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क. म्हणून पहिला प्रश्न असावा, "रोखीचा भाव काय?" आमच्या घरी भिशीचा नंबर लागला होता, त्यात दुकानातले थोडे घातले आणि काम भागले. भिशीची ही जुनी रीत अजून उपयोगी आहे.

एक गोष्ट खास व्यापारी बंधूंसाठी. हिशेबनीस सुचवतो, "बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर घ्या." लाखाच्या बिलात सुमारे १५ हजार कर असतो, तो वजावटीत मिळेल आणि घसाराही धरता येईल. मोह होतो, खोटे कशाला बोलू? पण घरगुती वापराच्या वस्तूवर ही वजावट कायद्याने मिळत नाही. मुलगी कॉलेजात चित्रे काढणार आणि वहीत लिहिणार 'दुकानाचा संगणक'! शिक्षणाची सुरुवात खोट्या बिलाने करू नये. आम्ही बिल तिच्या नावाने घेतले.

शेवटी घेतला तो ६८ हजारांचा. विंडोजवर चालणारा, वजन दीड किलोच्या जवळपास, मेमरी १६ जीबी आणि पुढे वाढवण्यासाठी एक जागा रिकामी. ही रिकामी जागा महत्त्वाची आहे. पुष्कळ पातळ यंत्रांत मेमरी कायमची जोडलेली असते आणि मग कमी पडली तर यंत्रच बदलावे लागते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती चढल्या आहेत. तेव्हा आज पुरेशी घ्यावी आणि उद्याची सोय ठेवावी. लाखातले उरलेले ३२ हजार बाजूला ठेवले आहेत. त्यात रेल्वेचा पास, पुस्तके, दुरुस्ती आणि तिसऱ्या वर्षी लागली तर मेमरी. पैसे तिचे आहेत, हिशेब तीच ठेवणार आहे.

तेव्हा ओट्यावर टेकून विचारणाऱ्याला आम्ही आता तीन प्रश्न उलटे विचारतो. मुलाचे काम कोणते, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारले का? रोज किती तास काम आहे? आणि हे पैसे गेल्यावर पुढच्या वर्षाची फी भरता येईल का? तिन्हींची उत्तरे नीट आली तर लाखाचाही खुशाल घ्या. एकाचेही आले नाही तर तीस हजारांचाही थांबून घ्या. कॉलेजच्या संगणक कक्षात पहिले काही महिने निघतात.

कपाटातले ते जुने यंत्र आम्ही गेल्या आठवड्यात दुरुस्त करून आणले. त्यावर आता दुकानाची उधारी लिहितो. इतक्या वर्षांनी त्याला काम मिळाले.