सागर खरा, सोबत खोटी

कला ही सत्याची दासी नव्हे, असें सांगणारे रसिक आमच्या सुशिक्षित वर्गांत पुष्कळ आहेत. तत्त्वतः आम्हीही त्यांच्यांतलेच. परंतु या तत्त्वाच्या आड दडून एखादी कृति स्वतःच्याच विषयाचा घात करूं लागली, तर तिची गय करावी काय? बाल्तासार कोर्माकुर या आइसलंडच्या दिग्दर्शकाचा 'अड्रिफ्ट' हा २०१८ चा चित्रपट पाहिल्यापासून हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाहीं.

मूळ हकीकत खरी आहे. १९८३ सालीं टॅमी ओल्डहॅम ही अमेरिकन तरुणी व तिचा नियोजित वर रिचर्ड शार्प हीं दोघें एक ४४ फुटी शिडाची नौका घेऊन ताहितीहून सॅन दिएगोकडे निघालीं. ऑक्टोबरांत भर पॅसिफिक महासागरांत 'रेमंड' नांवाच्या तुफानानें त्यांना गांठलें. टॅमी शुद्धीवर आली तेव्हां डोलकाठ्या मोडल्या होत्या आणि रिचर्डला बांधलेला दोर रिकामा लोंबत होता. सेक्स्टंटनें सूर्याची उंची मोजीत, तुटपुंज्या अन्नपाण्यावर दिवस काढीत, ती ४१ दिवसांनीं एकटीच हवाईच्या हिलो बंदरास पोहोंचली.

चित्रपटाचे गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. रॉबर्ट रिचर्डसन यांच्या कॅमेऱ्यानें टिपलेला समुद्र हा नुसता देखावा राहत नाहीं. तो पात्र होऊन उभा राहतो. टॅमीची भूमिका करणारी शैलीन वुडली हिचा अभिनय शब्दांत नसून अंगांत आहे: फुटलेले ओठ, पाणी उपसून थकलेले हात, हळूहळू खोल जाणारे डोळे.

मग बिघडलें कोठें? चित्रपटांत रिचर्ड वांचतो. मोडक्या पायानें तो नौकेवर पडून असतो, बोलतो, धीर देतो. आणि अगदीं शेवटीं आपणांस कळतें कीं, हा सारा टॅमीच्या मनाचा भास होता. त्या क्षणीं प्रेक्षक दचकतो खरा. परंतु दचकणें म्हणजे हेलावणें नव्हे. ज्या एकटेपणाची ही कथा, तोच एकटेपणा आपल्यापासून चोरून ठेवलेला असतो!

मूळ कथेंत फेरफार कालिदासानेंही केला. महाभारतांत नसलेला दुर्वासाचा शाप त्यानें 'शाकुंतला'त आणिला. पण तो चौथ्या अंकाच्या आरंभींच प्रेक्षकांच्या कानीं घातला. शकुंतलेला तो ठाऊक नाहीं, आपणांस आहे. म्हणूनच राजसभेंतील तिचा प्रत्येक शब्द आपलें काळीज चिरतो. कोर्माकुर यांनीं नेमकें उलट केलें. करुणाची जागा अद्भुतास दिली, आणि सौदा स्वस्तांत केला.

यावर कोणी म्हणेल कीं, धीर देणारा एक आवाज आपणांस ऐकूं येत असे, असें टॅमीनेंच सांगितलें आहे. खरें आहे. परंतु रिकाम्या नौकेवर ऐकूं येणारा आवाज एकटेपणा अधिक गहिरा करितो; शेजारीं पडलेला प्रियकर तो नाहींसा करितो. भास दाखवावा, जरूर दाखवावा. पण तो भास आहे हें आम्हांस आधीं कळूं द्यावें. मग त्याच्याशीं बोलणारी टॅमी पाहून आमचे डोळे पाणावले असते.

एका स्त्रीनें ४१ दिवस एकटीनें समुद्राशीं झुंज दिली, एवढी गोष्ट प्रेक्षकाला पुरेल असा विश्वास या दिग्दर्शकास वाटला नाहीं. टॅमीला त्या दिवसांत सोबत नव्हती. ती आम्हांला तरी कशाला हवी होती?