परभाषाशिक्षण, उपशीर्षके आणि मराठीची अनुपस्थिती

आंतरजालावरील मालिका व चित्रपट पाहून परभाषा शिकण्याचा प्रघात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत रुजू लागला आहे. कोरियन भाषेच्या बाबतीत तो विशेषत्वाने जाणवतो. पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या दोन ओळी, म्हणजे उपशीर्षके किंवा रूढ शब्दात सबटायटल्स, हेच या विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक होय. मराठी विद्यार्थ्यापुढे येणारे हे पाठ्यपुस्तक मात्र बहुधा इंग्रजीत असते. ही बाब केवळ सोयीची नाही. तिला भाषिक परिणाम आहेत.

कोरियन भाषेत ‘मॉगॉस्सॉ?’ आणि ‘मॉगॉस्सॉयो?’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिला ‘खाल्लेस का?’ असा, तर दुसरा ‘खाल्लेत का?’ असा. इंग्रजी उपशीर्षकात दोहोंसाठी एकच वाक्य येते. कोरियन व मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि आदराची छटा त्याच्या रूपातून कळते. इंग्रजीच्या मध्यस्थीने नेमके हेच साम्य पुसले जाते. जे मराठी विद्यार्थ्याला सहज उमगावे, तेच त्याला नव्याने शोधावे लागते.

अर्थात हे साम्य पूर्ण नाही. ‘मी खाल्ले’ असे स्वतःविषयी सांगतानाही कोरियन वक्ता श्रोत्याचा मान राखण्यासाठी ‘यो’ जोडतो. मराठी क्रियापदात याला समांतर सोय नाही. कर्त्याविषयीचा आदर तेथे ‘शी’ या वेगळ्या प्रत्ययाने व्यक्त होतो. म्हणजे मराठीत बहुधा एकत्र राहणारे दोन आदर तेथे विभक्त आहेत. हा भेद मराठीच्या पार्श्वभूमीवर जितका स्पष्ट होतो, तितका इंग्रजीच्या पार्श्वभूमीवर होणे अवघड आहे.

मध्यस्थीचे दुसरे उदाहरण ‘पॅरासाइट’ या २०१९ च्या चित्रपटात आढळते. दोन प्रकारच्या तयार शेवया एकत्र करून केलेल्या ‘जापागुरी’ या पदार्थाला इंग्रजी उपशीर्षकांत ‘राम-डॉन’ हे नाव दिले गेले. ‘रामेन’ व ‘उदोन’ या जपानी शेवया ज्यांच्या परिचयाच्या आहेत, अशा प्रेक्षकांसाठी हा पर्याय कल्पक आहे. परंतु त्या शेवया ज्याने पाहिल्याच नाहीत, त्या मराठी प्रेक्षकाच्या हाती मूळ शब्दही लागत नाही आणि बदली शब्दही बोलका होत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मातृभाषेतील उपशीर्षके वाचण्याच्या नादात कान परभाषेकडे दुर्लक्ष करणार नाहीत काय? हा आक्षेप निराधार नाही. मिटरर आणि मॅक्वीन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डच भाषकांना अपरिचित धाटणीचे इंग्रजी ऐकवण्यात आले. इंग्रजी उपशीर्षकांमुळे त्यांना नवे उच्चार ओळखण्यास साहाय्य झाले. डच उपशीर्षकांमुळे अडथळा आला. मात्र हे श्रोते इंग्रजी आधीच जाणणारे होते. यावरून दोन टप्पे सुचतात : प्रारंभी अर्थ व व्याकरण उमगण्यासाठी मातृभाषा, आणि पुढे कान घडवण्यासाठी लक्ष्यभाषा. कोरियन लिपीत मूळ अक्षरे २४ असल्याने दुसरा टप्पा फार दूर नाही. इंग्रजी उपशीर्षके मात्र मराठी विद्यार्थ्यासाठी या दोहोंपैकी कोणत्याच टप्प्याची नाहीत.

हा प्रश्न मराठी साहित्यव्यवहाराला नवा नाही. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र थेट बंगालीतून मराठीत आणले, तेव्हा दोन भारतीय भाषांमधील नाते मध्यस्थाविना प्रस्थापित झाले. रशियन, फ्रेंच साहित्य मात्र पुष्कळसे इंग्रजीमार्गेच मराठीत आले. उपशीर्षकांच्या रूपाने तीच वाट पुन्हा मळते आहे. फरक इतकाच की, आता वाचक केवळ कृती वाचत नाही, तो भाषा शिकत आहे.

सर्व मालिकांना मराठी उपशीर्षके पुरवणे हे विद्यापीठांचे काम नव्हे. परंतु पदव्युत्तर अनुवाद-अभ्यासात एखाद्या चित्रपटातील वीस मिनिटांची उपशीर्षके परभाषा-विभागाच्या साहाय्याने, थेट मूळ भाषेवरून मराठीत करणे सहज शक्य आहे. दोन ओळींच्या व काही सेकंदांच्या मर्यादेत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करताना विद्यार्थ्याला स्वभाषेच्या सामर्थ्याची जी पारख होईल, ती व्याकरणाच्या तासाला क्वचितच होते. परभाषा शिकणाऱ्या मराठी तरुणाला स्वभाषेचा आधार मिळू नये, ही उणीव इंग्रजीची नाही. ती मराठीच्या अभ्यासव्यवस्थेची आहे.